एका टिंबाचा मान

नभोवाणीवरून बोलणाऱ्या माणसाला एक मोठी सवलत असते. समोरच्या कागदावर त्याने 'आशीर्वाद' या शब्दातली 'शी' ऱ्हस्व लिहिली आहे की दीर्घ, हे कोणाला दिसत नाही. त्याचा स्वल्पविराम म्हणजे घेतलेला एक श्वास आणि पूर्णविराम म्हणजे प्यालेला पाण्याचा एक घोट. हाच मजकूर उद्या वर्तमानपत्रात छापून आला, की मात्र ती सवलत संपते आणि गावोगावचे तांबड्या पेन्सिलीचे धनी चष्मा पुसून पुढे सरसावतात.

अशाच एका धन्याची ही हकीकत आहे. बेळगावातील हे एक निवृत्त शिक्षक. त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही. सगळी गल्ली त्यांना नुसते 'गुरुजी' म्हणे. पस्तीस वर्षे मराठी शिकवून ते घरी बसले, पण त्यांच्या खिशातली पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. लग्नाची निमंत्रणपत्रिका घरात आली, की घरची वडील माणसे मुहूर्त पाहत, मुले जेवणाची वेळ पाहत आणि गुरुजी 'आशीर्वाद' पाहत. तो बहुधा 'आशिर्वाद' असे. मग एक तांबडे वर्तुळ पडे आणि तेथून पुढे पेन्सिल थांबत नसे. एका पत्रिकेवर 'पाणीग्रहण समारंभ' असे छापले होते. 'पाणि' म्हणजे हात आणि 'पाणी' म्हणजे पाणी. फरक एका वेलांटीचा, पण वधूवरांच्या दृष्टीने तो लहान नव्हे. गुरुजींनी घरात विचारले, "वधूवर नुसते पाणीच घेणार असतील, तर पाहुण्यांच्या पंगतीचे काय?" लग्नाला ते गेले, जेवले, आणि आहेराच्या पाकिटात अकरा रुपयांबरोबर दुरुस्त केलेली पत्रिकाही घालून आले. याचा परिणाम दुहेरी झाला. काही यजमान पत्रिका छापण्यापूर्वीच त्यांच्याकडे कच्चा मसुदा आणू लागले. काहींनी त्यांना बोलावणेच बंद केले.

रस्त्यावरून चालणे हे तर त्यांच्या प्रकृतीला अपायकारकच होते. ५ सप्टेंबरला एका शाळेच्या दारावर 'शिक्षक दीन' अशी कापडी पताका लागली होती. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे बिचारा. गुरुजी क्षणभर थांबले आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, "ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे खरी, पण विधान सत्य आहे." पुढे एका नव्या इमारतीची 'कोनशीला' बसविण्यात आल्याचा फलक होता. शिला म्हणजे दगड. शीला म्हणजे एखादी गुणी कन्या. ती बिचारी कोणत्या कोपऱ्यात किती वेळ बसली असेल, या चिंतेत त्यांनी चौक ओलांडला, तो समोर मिठाईचे दुकान. त्यावर अवतरणचिन्हांत लिहिले होते: 'शुध्द' तुपातील मिठाई. येथे तर दोन अपराध एकाच शब्दात एकत्र आले होते. पहिला जोडाक्षराचा. 'द'ला 'ध' जोडावयाचा, तो येथे 'ध'ला 'द' जोडला होता, आणि अशुद्ध होण्यासाठी 'शुद्ध' हाच शब्द निवडला होता. दुसरा अपराध अवतरणचिन्हांचा. ही चिन्हे दुसऱ्याचे बोलणे दाखविण्यासाठी असतात. तेव्हा तूप शुद्ध आहे असे कोणीतरी म्हणतो, दुकानदार स्वतः त्याची हमी घेत नाही, इतकाच त्या पाटीचा अर्थ. गुरुजींनी तेथे पेढे घेतले नाहीत. पेढे चांगले असत, असे बाकीचे लोक सांगतात.

आपल्याकडे जोडाक्षरांतून वर्षानुवर्षे अक्षरे गहाळ होत आहेत, त्यांचाही एकदा तपास लागला पाहिजे. 'महत्त्व' या शब्दातला एक 'त' कित्येक वर्षांपासून बेपत्ता आहे. 'उज्ज्वल' भविष्यातला एक 'ज' त्याच वाटेने गेला. उद्यानातील बाकावर 'जेष्ठ नागरिकांसाठी' असे लिहिलेले असते, आणि त्या बाकावर बसलेल्या ज्येष्ठांपैकी एकालाही आपला 'य' गेल्याचे दुःख झालेले दिसत नाही. इकडे असा काटकसरीचा कारभार, आणि वाचविलेली सारी पुंजी उद्गारचिन्हांवर उधळली जाते. 'यायचं हं' या दोन शब्दांपुढे तीन तीन उद्गारचिन्हे उभी असतात, जणू पाहुण्याला दंडाला धरूनच मांडवात आणावयाचे आहे.

खिळ्यांच्या छपाईच्या काळी या सर्वांचे खापर 'मुद्राराक्षसा'वर फोडण्याची सोय होती. जुळाऱ्याने चुकीचा खिळा उचलला, मुद्रितशोधकाला डुलकी लागली, आणि संपादकांनी दुसऱ्या दिवशी दिलगिरी व्यक्त केली. आता तो राक्षस छापखाना सोडून प्रत्येकाच्या खिशात राहावयास आला आहे. भ्रमणध्वनीवर अर्धा शब्द लिहिताच उरलेला अर्धा तो आपणहून सुचवितो. पूर्वी चूक करण्यासाठी निदान स्वतःला श्रम तरी पडत.

येथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवली पाहिजे. कोणी 'पानी' म्हटले, 'लोनी' म्हटले, की शहरी वर्गात अजून खसखस पिकते. ही थट्टा व्याकरणाची नव्हे. ती बोलणाऱ्याच्या घराची, गावाची आणि जातीची असते. ज्या शेतकऱ्याच्या घरचे लोणी हसणाऱ्यांच्या ताटात पडते, त्याच्या मुलाने पहिल्या दिवशी 'लोनी' म्हटले म्हणून तो वर्षभर तोंड उघडीनासा होतो. गुरुजींच्या श्रेयाची एक बाब म्हणजे त्यांच्या वर्गात या गोष्टीला हसणाऱ्याला बाकावर उभे राहावे लागे. बोलण्यातल्या चुकीला ते हसत नसत. लिहिण्यातली चूक मात्र त्यांना सहन होत नसे, आणि त्यालाही कारण होते.

कारण असे, की शुद्धलेखनासाठी गुरुजींनी स्वतः छड्या खाल्ल्या होत्या. त्यांच्या लहानपणी मराठीत अनुस्वारांचा सुकाळ होता. 'तें', 'घरें', 'करणें', 'पांच', 'कांहीं', 'नाहीं' अशी सारी मंडळी डोक्यावर टिंब घेऊन वावरत. त्यांतल्या बहुतेक टिंबांचा उच्चार कोणी करीत नसे. ती कोठे द्यावयाची हे व्युत्पत्ती जाणणाऱ्यांना ठाऊक, आणि मुलांना फक्त छडी ठाऊक. 'नांव' लिहिले तर ते माणसाचे, आणि 'नाव' लिहिले तर ती नदीतली होडी. हा फरक विसरल्याबद्दल गुरुजींच्या तळहातावर दोन वळ उठले होते. पुढे ते स्वतः शिक्षक झाले आणि त्यांनीही तोच फरक तितक्याच निष्ठेने शिकविण्यास प्रारंभ केला. तोच १९६१ मध्ये मराठी साहित्य महामंडळाची स्थापना झाली आणि १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे चौदा नियम मान्य झाले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. न उच्चारली जाणारी टिंबे गेली. 'पांच'चे 'पाच' झाले, 'नांव' आणि 'नाव' एकाच काठाला लागले. ज्या टिंबासाठी गुरुजींनी मार खाल्ला, ते टिंब दिल्याबद्दल त्यांना आता मुलांचे गुण कापावे लागले. त्यांच्या वृद्ध वडिलांनी नव्या धाटणीने लिहिलेल्या त्यांच्या पहिल्याच पत्राला उत्तर धाडले होते, "नातवाची नाव काय ठेवली, असे तू लिहितोस. नाव ठेवण्यास तुमच्या गल्लीत नदी आहे काय?"

परंतु महामंडळाने सगळी टिंबे पुसली नाहीत, आणि या ठिकाणी त्यांच्या विवेकाला दाद दिली पाहिजे. जे उच्चारात ऐकू येते ते टिंब राहिले. आणि राहिले ते अनेकवचनाचे टिंब, म्हणजे 'मुलाला' आणि 'मुलांना', 'घरापुढे' आणि 'घरांपुढे' यांतला फरक करणारे. मराठीत आदर दाखवावयाचा तर एका माणसालाही अनेकवचन लावावे लागते, म्हणून हेच टिंब आदराचेही ठरते. 'त्याचे वडील' म्हणजे कोणा पोराचे. 'त्यांचे वडील' म्हणजे एखाद्या मान्यवराचे. मराठी माणसाचा सारा मानसन्मान अशा रीतीने शाईच्या एका ठिपक्यावर तोललेला आहे.

तो ठिपका ढळला की काय होते, हे गुरुजींनी एका संस्थेच्या वार्षिक समारंभात पाहिले. कार्यक्रमपत्रिकेत 'स्वागत', 'अहवालवाचन', 'अध्यक्षाचे भाषण' असा क्रम छापलेला होता. अध्यक्षांनी तो वाचला. चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. पण वीस मिनिटांच्या भाषणाला त्यांनी दीड तास घेतला, आणि उपस्थितांपैकी एकट्या गुरुजींना त्याचे खरे कारण कळले. दुसरा प्रसंग हसण्यासारखा नव्हता. गल्लीतील एक ऐंशी वर्षांचे वृद्ध वारले. चौकात त्यांच्या छायाचित्राखाली श्रद्धांजलीचा फलक लागला: 'त्याच्या आत्म्यास शांती लाभो.' ज्यांच्यासमोर हयातीत कोणी एकेरीवर आले नव्हते, त्यांना मेल्यावर एका टिंबाच्या काटकसरीने एकेरीवर आणले होते. त्या संध्याकाळी गुरुजी घरून स्टूल घेऊन गेले, त्यावर चढले आणि काळ्या रंगाने ते टिंब त्यांनी स्वतः दिले. त्या वेळी मात्र त्यांना कोणी हसले नाही.

आता या हकीकतीतली अडचणीची गोष्ट. गुरुजींचा मुलगा नोकरीनिमित्त इंदूरला स्थायिक झाला होता. होळकरांच्या त्या नगरीत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्यांची. घरात मराठी, अंगणात हिंदी. गुरुजींची नात तेथल्या हिंदी शाळेत शिकत होती. पोस्टकार्डाचे आणि आंतर्देशीय पत्रांचे ते दिवस होते. ती दहा वर्षांची झाली तेव्हा तिने कोणी न सांगता आजोबांना मराठीत पहिले पत्र लिहिले. पानभर पत्र. शाळा, पाऊस, मैत्रीण, सराफ्यात खाल्लेली जिलबी, सगळे त्यात होते.

गुरुजींनी ते पत्र वाचले आणि सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला.

सतरा चुका निघाल्या. वाक्यांच्या शेवटी टिंबाऐवजी उभे दंड होते, कारण हिंदीत पूर्णविराम तसाच देतात. 'शक्ति', 'गति', 'भक्ति' हे शब्द ऱ्हस्व होते, कारण हिंदी त्यांना तसेच लिहिते. 'माझी नवी पुस्तक आली' असे एक वाक्य होते. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे आणि मराठीत नपुंसकलिंगी. 'गणितात बाबा माझी मदत करतात' असे होते. मराठीत 'मला' मदत करतात, 'माझी' नव्हे. 'खूप सारे नमस्कार' होते. मराठीत नुसते 'खूप' पुरतात, 'सारे' हिंदीतून आले. गुरुजींनी सतरा वर्तुळे काढली, समासात शुद्ध रूपे लिहिली, खाली 'दहापैकी दोन. शुद्ध करून पुन्हा लिहिणे' असा शेरा मारला आणि पत्र त्याच पाकिटातून उलट टपाली पाठविले. यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. ज्या मुलीवर अधिक प्रेम तिची वही अधिक बारकाईने तपासावयाची, ही त्यांची पस्तीस वर्षांची रीत होती.

महिनाभर इंदूरहून काही आले नाही. मग एक पत्र आले. ते हिंदीत होते. अक्षर सुरेख, मात्रा बिनचूक, दंड जागच्या जागी. तांबड्या पेन्सिलीला त्यात एक रेघही मिळेना. पत्र पाच ओळींचे होते. त्यात पाऊस नव्हता आणि जिलबीही नव्हती. वर लिहिले होते, 'आदरणीय दादाजी'.

गुरुजींनी ते दोनदा वाचले आणि पत्नीपुढे धरले. त्या शाळेत फारशा गेलेल्या नव्हत्या. त्यांनी मजकुरावर नजर फिरविली, वरच्या दोन शब्दांवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "आजोबा होतात, तेवढेही कापून घेतलेत." एवढे बोलून त्या आत गेल्या.

त्यानंतरचे काही दिवस गुरुजी माळ्यावरची जुनी ट्रंक उपसत बसले होते. त्यांच्या आजोबांचे कागद त्यात होते, मोडी लिपीतले. गुरुजी लहानपणी मोडी शिकले होते, म्हणून ते कागद त्यांना वाचता येत. मोडीची रीत अशी, की आधी पानभर आडवी रेघ मारावयाची आणि मग तिला अक्षरे टांगीत जावयाचे. शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने ओळखावे. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, आणि इकार-उकार ऱ्हस्व की दीर्घ याचा भेदही व्यवहारात नाही. त्याच लिपीत पुण्याचे पेशवे दप्तर लिहिले गेले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील दरबारांचे कागद लिहिले गेले. फौजा निघाल्या, वसूल जमा झाला, तह झाले. 'ध'चा 'मा' केला आणि 'धरावे'चे 'मारावे' झाले, अशी नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनासंबंधीची आख्यायिका प्रसिद्धच आहे. परंतु तिच्यातही दोष लिहिण्यातल्या चुकीवर नाही, चूक न करणाऱ्या हातावर आहे.

मग विरामचिन्हांवाचून या लोकांचे भागत होते कसे? पुष्कळसे काम मराठीची घडणच करीत होती. हिंदी शाळांत मुलांना स्वल्पविरामाचे महत्त्व पटविण्यासाठी 'रोको मत जाने दो' हे वाक्य हमखास देतात: स्वल्पविराम 'रोको'पुढे दिला तर माणूस अडकतो, 'मत'पुढे दिला तर सुटतो. हेच मराठीत म्हणावयाचे तर 'थांबवा, जाऊ देऊ नका' किंवा 'थांबवू नका, जाऊ द्या' असे क्रियापदच बदलावे लागते. स्वल्पविराम पुसला तरी माणसाच्या सुटकेला धोका नाही. आणि पत्र संपल्याची खूण म्हणाल, तर 'बहुत काय लिहिणे' या शब्दांहून अधिक सभ्य पूर्णविराम कोणत्या भाषेत सापडेल? शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस तर 'मर्यादेयं विराजते' अशी मुद्राच उमटविलेली असे. मजकूर येथे संपला, याखाली कोणी एक अक्षर वाढवू नये. तो राज्याचा पूर्णविराम होता.

आपण ज्यांना मराठीची इभ्रत समजून जपतो ती विरामचिन्हे तुलनेने अलीकडची पाहुणी आहेत. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ चे. मोल्सवर्थसाहेबांच्या कोशाला हातभार लावणारे मेजर थॉमस कँडी यांनी पाठ्यपुस्तकांच्या निमित्ताने इंग्रजी वळणाची विरामचिन्हे मराठीत रुळविली. 'विरामचिन्हांची परिभाषा' ही त्यांची पुस्तिका १८५० ची. त्यापूर्वी आपल्या बाळबोध पोथ्यांत विरामाचे काम एकच चिन्ह करीत असे, ते म्हणजे उभा दंड. त्याहीपूर्वी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात राचोल येथे छापले गेले तेव्हा देवनागरी खिळ्यांची सोय नव्हती. मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या गेल्या. त्या वेषातही ती मराठी म्हणून ओळखली गेली. वेष बदलणे तिला नवीन नाही. खुद्द 'चिन्ह' हा शब्द संस्कृतात 'चिह्न' असा आहे आणि 'ऱ्हस्व' हा 'ह्रस्व' असा. मराठी जिभेने दोन्हींची उलटापालट केली आणि पुढे ती उलटापालटच शुद्ध ठरली. शुद्धलेखनाच्या न्यायासनावर बसलेले हे दोन शब्द स्वतःच कधीकाळी आरोपी होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

गुरुजींना यातले बरेचसे ठाऊक होते. वर्गात त्यांनी ते शिकविलेही होते. परंतु त्याचा आपल्या पेन्सिलीशी काही संबंध असेल, असे त्यांच्या मनात आले नव्हते. नातीचे पत्र परत गेले होते. तरी सतरा चुका त्यांना पाठ होत्या, कारण चुका पाठ राहण्याची त्यांची ख्याती होती. त्यांनी एका कागदावर त्या लिहून काढल्या आणि पुन्हा तपासावयास घेतल्या. 'शक्ति', 'गति', 'भक्ति' या तिन्हींना १९६२ च्या नियमांनी दीर्घ केले. त्याआधी मराठीतही ते ऱ्हस्वच होते आणि गुरुजींनी स्वतः सातवीत तसेच लिहून पैकीच्या पैकी गुण मिळविले होते. तीन चुका निर्दोष सुटल्या. उभे दंड पाच; ते तर आपल्याच पोथ्यांतले. तेही सुटले. अशी वजाबाकी करता करता खरोखर मराठीच्या जिवाला लागणाऱ्या अशा तीनच उरल्या: 'माझी पुस्तक', 'माझी मदत' आणि 'खूप सारे'. त्याही घरी चार महिने कानांवर मराठी पडली असती तर आपोआप गळून गेल्या असत्या.

आणि मग त्यांना एक गोष्ट आठवली, जिच्याभोवती त्यांनी वर्तुळ काढले नव्हते. 'आजोबांना', 'काकांनी', 'गुरुजींच्या शेजारच्या आजींचे', अशी वडीलधाऱ्यांची जेवढी नावे पत्रात आली होती, तेवढ्यांच्या डोक्यावर टिंब होते. एकही चुकले नव्हते. हिंदीत आदर दाखविण्याची रीत वेगळी. तेव्हा हे तिने शाळेत उचललेले नव्हते. ते तिने घरातल्या बोलण्यातून कानांनी टिपले होते आणि कोणी न शिकविता कागदावर उतरविले होते. तांबड्या पेन्सिलीला चुकलेले तेवढेच दिसते. बरोबर आलेल्या आठ टिंबांचा तिला पत्ता नव्हता.

इंदूरच्याच मुलांचे असे होते असे नाही. मराठी जेथे जेथे दुसऱ्या भाषेच्या शेजारी नांदते तेथे शेजारणीची एखादी सवय उचलते. बडोद्याच्या मुलाला गुजराती लिहिण्याची सवय. गुजराती अक्षरांना वरची रेघ नसते, म्हणून मराठी लिहितानाही तो शिरोरेषा विसरतो आणि अक्षरे बोडकी राहतात. गोव्यातल्या मुलाच्या कोंकणीत 'तें', 'म्हजें' यांतला नासिक्य उच्चार अजून जिवंत आहे. तो मराठीतही टिंब देतो आणि गुण गमावतो. वास्तविक त्याच्या कानाला जे ऐकू येते ते मराठीने १९६२ मध्ये कागदावरून पुसले. आणि खुद्द बेळगावात गुरुजींच्या शेजारचे कन्नडभाषी गृहस्थ मोठ्या प्रेमाने मराठी बोलत आणि 'ते खुर्ची इकडे आणा' म्हणत. कन्नडात निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, खुर्चीला स्त्री मानण्याचे कारण त्यांना आयुष्यभर पटले नाही. गुरुजी त्यांना कधी दुरुस्त करीत नसत. ते म्हणत, "माणूस आपल्या भाषेत आपल्याला बसायला सांगतो आहे, बसावे." परक्याला दिलेली ही सूट घरच्या मुलीला द्यावयाची राहून गेली होती.

गुरुजींनी इंदूरला पत्र लिहिले. क्षमा मागण्याची सवय नसल्यामुळे ते त्यांना अवघड गेले. जिलबी अजून तशीच मिळते काय, असे त्यांनी विचारले. आपल्या लहानपणी 'नाव' लिहिल्याबद्दल दोन छड्या बसल्याची गोष्ट सांगितली, आणि पणजोबांनी नदीविषयी विचारलेला प्रश्नही सांगितला. तिच्या पत्रातली आठ टिंबे त्यांनी मोजली होती. तशी टिंबे इकडे बेळगावातही सगळ्यांना देता येत नाहीत, असे लिहिले. पत्र लांबले. कधी नव्हे ते टपालाची वेळ टळू लागली, म्हणून शेवटच्या दोन ओळी घाईने खरडून ते स्वतः पोस्टात टाकून आले.

या खेपेला उत्तर आठ दिवसांत आले. पाकीट जाड होते. आत दोन कागद निघाले. एक तिचे नवे पत्र, मराठीत, चार पानांचे. त्यात पाऊस होता, जिलबी होती आणि 'खूप सारे नमस्कार' पूर्ववत होते. दुसरा कागद ओळखीचा वाटला. ते गुरुजींचेच पत्र होते. त्याच्या शेवटच्या ओळीभोवती तांबड्या शाईने वर्तुळ काढलेले होते, कारण घाईत त्या ओळीचा पूर्णविराम द्यावयाचा राहिला होता. नातीने तो आपल्या हाताने दिला होता, ठसठशीत, उभा, हिंदी पद्धतीचा दंड. खाली शेरा होता: 'दहापैकी नऊ. आजोबा, घाई करू नका.'

गुरुजींनी तो कागद गल्लीत सर्वांना दाखविला. पुष्कळ दिवस तो त्यांच्या चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवलेला असे. शेजारच्या कन्नड गृहस्थांनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरून नीट पाहिला, आणि पूर्णविराम उभा कसा, असे विचारले.

"इंदूरचा आहे," गुरुजी म्हणाले, आणि पेन्सिल खिशातच राहिली.